सहाशे नव्व्याण्णवचा बाळंतविडा

वासंती दातारांनी पहिलं झबलं शिवलं ते रागाच्या भरात. साल एकोणीसशे नव्वद. आमोद सव्वा महिन्याचा होता आणि बाजारातून आणलेल्या तयार झबल्याच्या शिवणीने त्याच्या काखेत लाल वळ उठले होते. वासंतीबाईंनी ते झबलं उलटं केलं, आतली जाड शिवण बोटाने चाचपली आणि सासूबाईंच्या जुन्या मलमलच्या पातळाचा तुकडा काढून मशीनवर बसल्या. शिवण मुद्दाम बाहेरच्या बाजूला घेतली. अंगाला लागेल असं आत काही ठेवलंच नाही. नवरा, श्यामसुंदरराव, विमा कंपनीत कारकून होते. त्यांनी पाळण्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "उलटं घातलंयस."

"मुद्दाम घातलंय. बाळाला कोण कुठली बाजू दाखवतंय?"

काखेतले वळ चार दिवसांत गेले. मग शेजारच्या सुनेने दोन मागितली, नणंदेने अर्धा डझन नेली, आणि वर्षभरात सदाशिव पेठेतल्या त्या दोन खोल्यांमध्ये मलमलचं ठाण आलं. रतनशेठ नावाच्या दुकानदाराने लक्ष्मी रस्त्यावरच्या आपल्या दुकानात माल ठेवून घेतला. एका बाळंतविड्यात काय असायचं ते वासंतीबाईंनी ठरवून टाकलं होतं. तीन झबली, दोन टोपडी, सहा लंगोट, एक दुपटं आणि एक कुंची. कुंचीच्या पाठीवर रेशमी गोंडे. गोंडे त्या स्वतः करत, दुसऱ्या कोणाच्या हातचे त्यांना पसंत पडत नसत.

हाताखाली वेणूबाई आल्या त्या चौऱ्याण्णव साली. औसा तालुक्यातलं त्यांचं घर भूकंपात गेलं होतं आणि नवरा पुण्याला बांधकामावर आला होता. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतून त्या रोज चालत यायच्या. पहिल्या दिवशी मशीनवर बसल्या आणि म्हणाल्या, "वैनी, म्या गोधड्या शिवलेल्या हायत. हे लई बारीक हाय. पर शिकंन." शिकल्या. पुढे तर अशी वेळ आली की दोघींनी शिवलेली झबली शेजारी ठेवली तर कोणतं कोणाचं ते त्यांनाच सांगता येत नसे.

असं वीस वर्षं चाललं. श्रीमंत कोणी झालं नाही. आमोदचं इंजिनिअरिंग झालं, वेणूबाईंची मुलगी बारावीपर्यंत शिकली, आणि पेठेत कोणाकडे दिवस गेल्याचं कळलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी वासंतीबाईंनाही ते कळायचं. पण घरात बाळ येईपर्यंत बाळंतविडा न्यायला कोणी यायचं नाही. आधीपासून कपडे आणून ठेवू नयेत, असं लोक पाळत.

मग शहर पश्चिमेला आणि पूर्वेला वाढत गेलं. हिंजवडी, खराडी, तिकडे उंच इमारती, तिकडेच मॉल, मॉलमध्ये बाळांच्या कपड्यांचे अख्खे मजले. रतनशेठ आधी महिन्याला चाळीस विडे घेत, ते पंचवीसवर आले, मग दहावर. दोन हजार चौदाच्या दिवाळीआधी वासंतीबाई माल घेऊन गेल्या तेव्हा त्यांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही. चहा मागवला आणि म्हणाले, "काकू, खोटं कशाला बोलू? तरुण मुलं आता दुकानात येतच नाहीत. मोबाइलवर घेतात."

त्या रविवारी आमोद वाकडहून आला होता. हिंजवडीत नोकरीला लागून त्याला दोन वर्षं झाली होती. आईने सांगितलेलं ऐकून तो हसला.

"आई, मग तू पण मोबाइलवर विक ना. एवढी मोठी साइट आहे, रजिस्टर करायला काही पैसे लागत नाहीत. रतनशेठ तुला साडेचारशे देतात आणि स्वतः सातशेला विकतात. मधला माणूस काढून टाकायचा. सिंपल आहे."

"आणि पोचवणार कोण?"

"तेच घेऊन जातात. घरी येतात."

श्यामसुंदरराव तोवर निवृत्त झाले होते. पेपर खाली न घेता ते म्हणाले, "फुकट घरी येणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. बघू तरी."

पहिली ऑर्डर इंदूरहून आली. मग बेंगळुरू, मग सुरत, मग जमशेदपूर. जमशेदपूरला मराठी माणूस असतो हेच वासंतीबाईंना नवल वाटलं, मग नाव पाहिलं तर ते मराठी नव्हतंच. किंमत ठेवली होती सहाशे नव्व्याण्णव. सुरुवातीला साइटचं कमिशन नावापुरतं होतं आणि सगळं जाऊन एका विड्यामागे दीडशे-पावणेदोनशे रुपये सुटत. महिन्याला साठ-सत्तर विडे जाऊ लागले. वेणूबाईंच्या वस्तीतल्या आणखी दोघी घरबसल्या लंगोट शिवू लागल्या. वेणूबाईंनी घरावरचे पत्रे काढून स्लॅब टाकला आणि पेढे घेऊन आल्या. वासंतीबाई प्रत्येक पुडक्यात स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी घालत. बाळाला आशीर्वाद, काही अडचण असल्यास फोन करा, खाली घरचा नंबर. गिऱ्हाईक फोनही करायचे. गोरखपूरची एक मुलगी कुंची कशी बांधायची ते विचारायला तीनदा बोलली. वासंतीबाईंच्या हिंदीला ती आणि तिच्या हिंदीला वासंतीबाई, दोघी पोट धरधरून हसल्या.

त्या दोन वर्षांएवढं सुख त्यांना धंद्याने कधी दिलं नव्हतं. पुढे त्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला तो ह्याच आठवणीचा.

साइटकडून मेल यायचे, इंग्रजीत. आमोदने एकदा वाचून दाखवला होता. आपल्या वाढीसाठी आम्ही दरांत काही बदल करत आहोत. श्यामसुंदरराव म्हणाले, "आपली म्हणजे कोणाची, ते लिहायचं राहिलंय त्यांचं." सगळे हसले आणि विषय संपला. पैसे आठवड्यातून एकदा जमा होत, वीस-बावीस पुडक्यांचे एकत्र, रुपये-पैशांसकट भलताच आकडा. त्यातला कोणता रुपया कोणत्या झबल्याचा ते कळायची सोय नव्हती. त्यामुळे पैसे कमी होतायत हे कळायला वासंतीबाईंना वर्ष लागलं. कसे कमी होतायत हे कळायला आणखी एक.

दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात कापडवाल्याला द्यायला खात्यात पैसे पुरले नाहीत. त्या महिन्यात त्यांनी ब्याऐंशी विडे पाठवले होते. इतके कधीच गेले नव्हते. त्या घरी येऊन पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, माझं कुठेतरी चुकतंय. मला हिशोब जमत नाहीये."

श्यामसुंदररावांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे दावे तपासले होते. त्यांनी कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतून सहा महिन्यांची विवरणं छापून आणली, पट्टी आणि लाल पेन्सिल घेतली आणि दोन दुपारी टेबलाशी बसले. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी बायकोला समोर बसवलं.

"हे सहाशे नव्व्याण्णव. ह्यात तेहेतीस रुपये सरकारचे. ते सोड. मग कमिशन, एकशे पाच."

"पूर्वी पस्तीस होतं."

"पूर्वी तू नवी होतीस. मग ही ठरावीक फी, तीस."

"ती कशाची?"

"दुकान उघडं ठेवल्याची."

"दुकान तर त्यांचं!"

"म्हणूनच. मग गिऱ्हाइकाचे पैसे गोळा केल्याचे सतरा. मग पाठवणावळ, एकशे बारा."

"एकशे बारा कशी? पाचशे ग्रॅमच्या आत अडुसष्ट आहे ना? मी स्वतः मोजते. चारशे ऐंशी भरतं."

"त्यांच्याकडे ते वजन धरत नाहीत. खोक्याची लांबी-रुंदी-उंची मोजतात आणि त्यावरून ठरवतात. गोंडे चुरगळू नयेत म्हणून तू मोठा खोका घेतेस. त्यात जी हवा जाते तिचंही भाडं आहे." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "आणि ह्या सगळ्या फियांवर पुन्हा कर, अठ्ठेचाळीस. राहिले तीनशे चौपन्न. तुझं कापड, वेणूबाईंची मजुरी, खोका मिळून तीनशे अडतीस."

वासंतीबाई आकड्याकडे बघत राहिल्या. वजाबाकी करायची गरज नव्हती.

"सोळा रुपये?"

"कोणी परत पाठवलं नाही तर. परत आलं की जाण्या-येण्याचं भाडं आपल्यावर, दीडशेच्या वर. म्हणजे एक पुडकं परत आलं की दहा बाळांचे कपडे तू फुकट शिवलेस." त्यांनी विवरणांचे कागद सारखे केले. "आमोद म्हणाला होता मधला माणूस काढू. रतनशेठ तरी चहा पाजायचा."

एरवी अशा बोलण्यावर त्या चिडल्या असत्या. त्या दिवशी चिडल्या नाहीत, आणि ते पाहून श्यामसुंदरराव उठून आत गेले.

आमोदला फोन केला तर तो म्हणाला, "आई, मग प्राइस वाढव ना." त्यांनी सातशे नव्व्याण्णव केली. तीन आठवड्यांत चार ऑर्डरी आल्या. साइटवर 'बाळाचे कपडे' म्हणून शोधलं की आता त्यांचा विडा नवव्या पानावर दिसत होता, आणि पहिल्या पानावर तिरुपूरहून येणारे यंत्रावरचे संच, तीनशे नव्व्याण्णवला. किंमत पुन्हा खाली आणली. पहिलं पान काही परत मिळालं नाही. त्यासाठी जाहिरातीचे पैसे वेगळे होते.

मग वासंतीबाई स्वतःच्या मालात काटछाट करू लागल्या. खोका गेला, प्लास्टिकची पिशवी आली. पिशवीत गोंडे चुरगळायचे, म्हणून गोंडे गेले. मग दोन लंगोट. मग दुपट्याला चांगल्या मलमलऐवजी भिवंडीचं पातळ कापड आलं. प्रत्येक वेळी सुटणारे रुपये जरा वाढत, आणि दोन-तीन महिन्यांत दरात काहीतरी बदल होऊन पुन्हा तिथेच येत. शेवटी एक दिवस त्या वेणूबाईंना म्हणाल्या, "शिवण आतूनच घेऊ या आता. ओव्हरलॉकचं मशीन आणू, कडेसकट भराभर होईल. एका झबल्यामागे सात मिनिटं वाचतात."

वेणूबाईंनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. "लेकराला टोचंल की वो."

"सगळ्या जगाची आतूनच असते वेणूबाई. कोणाची मुलं मेली नाहीत त्याने."

हे वाक्य आपल्या तोंडून गेलं ह्याचं वासंतीबाईंना त्या वेळी काहीच वाटलं नाही.

दिवाळीत साइटचा महोत्सव आला. त्यात भाग घेतो असं त्यांनी कुठे म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं, पण कुठल्यातरी मेलमध्ये 'नको' असं कळवायची मुदत होती आणि ती टळली होती. चार दिवस किंमत आपोआप पाचशे एकोणसाठवर गेली. त्या चार दिवसांत शहाऐंशी ऑर्डरी. एरवी एवढ्या ऑर्डरी पाहून घरात साखर वाटली असती. आता फोन वाजला की वासंतीबाई तो पालथा घालून ठेवायच्या, कारण प्रत्येक वाजण्यामागे खिशातले शंभर जात होते. ऑर्डर नाकारली तर दंड होता. म्हणून त्या आणि वेणूबाई फराळाचं काही न करता शिवत बसल्या.

त्यातले एकवीस विडे परत आले. एका टोपड्याला वेखंडाचा वास येत होता आणि दुपट्यावर हळदीचं बोट उमटलं होतं. बारसं करून परत पाठवलं होतं. कारण दिलं होतं, 'माप बरोबर नाही'. वासंतीबाईंनी फोटो काढून तक्रार केली. मदतकेंद्रावरच्या मुलीने आपली गैरसोय आम्ही समजू शकतो असं दोनदा म्हटलं आणि तक्रार बंद झाल्याचा निरोप आला. त्या रोज सकाळी चहाच्या आधी मोबाइल उघडायच्या, ऑर्डरी पाहायला नव्हे, 'परत' ह्या रकान्यातला आकडा पाहायला.

आमोदने एक उपाय सुचवला. माल त्यांच्याच गोदामात ठेवायचा, म्हणजे पाठवणावळ कमी पडते. जानेवारीत एकशे वीस विडे गोदामाला गेले. घर रिकामं झालं. वेणूबाई केर काढताना म्हणाल्या, "लई मोकळं वाटतंय." पण त्या आवाजात मोकळं काही नव्हतं.

फेब्रुवारीच्या एका सकाळी अकराच्या सुमाराला घरचा फोन वाजला. पलीकडे वयस्कर बाई होत्या.

"दातार बाई का? चिठ्ठीवर नंबर होता म्हणून केला. मी बार्शीहून यमुनाबाई बोलते. तुमच्याकडनं बाळाचे कपडे मागवले होते. ते परत पाठवायचे होते."

वासंतीबाईंच्या मनात त्या क्षणी एकच गोष्ट आली. ह्या महिन्यातलं हे सातवं.

"पुडकं उघडलंय का? धुतलं नाही ना? आतला कागद तसाच आहे का?"

"उघडलंच नाही हो. तसंच आहे. आधी आणू नये म्हणतात. मला माहीत होतं. पण तुमचं यायला आठ दिवस लागतात असं लिहिलं होतं, म्हणून म्हटलं मागवून ठेवावं. बाळ नाही राहिलं आमचं. परवा. मुलगी दवाखान्यातच आहे अजून. ती घरी यायच्या आत घरातनं हलवावं म्हणते मी."

यमुनाबाई पुढे बोलत राहिल्या, दुसऱ्याला त्रास देणाऱ्या माणसाच्या आवाजात. "नातवाने मोबाइलवर काढून दिलंय. तिथे विचारतात, का परत पाठवताय. पाच-सहा कारणं दिलीत. आमचं त्यात नाहीये. मग कोणतं दाबू? उगाच तुमच्यावर काही यायला नको."

आणि वासंतीबाई म्हणाल्या, "'आता गरज नाही' हे दाबा. 'मालात दोष' ते दाबू नका. ते आमच्यावर येतं."

"बरं, बरं," यमुनाबाई म्हणाल्या. "गरज नाही, हे दाबते. थँक्यू हं."

फोन ठेवल्यावर वासंतीबाई मशीनवर जाऊन बसल्या आणि त्यांनी एका लंगोटाची कड पुरी केली. दोरा तोडला. दुसरा लंगोट घेतला. सुईखाली कापड सरकवताना त्यांचा हात थांबला आणि मग तो पुढे जाईना.

दहा मिनिटांनी त्यांनी त्या नंबरवर उलट फोन लावला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. पुरुषाने उचलला.

"कोण?"

"मी पुण्याहून, दातार... ते कपडे..."

"ऑनलाइनवाले का? परत घ्यायला माणूस येणार आहे म्हणतात उद्या. अजून काय पायजे तुम्हाला?" आणि त्याने फोन बंद केला.

त्यांनी दोन दिवस कोणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी श्यामसुंदरराव बँकेत गेलेले असताना वेणूबाईंना सांगितलं. सगळं, शब्दाला शब्द. ह्या बाई आपल्याला चार शब्द सुनावतील असं त्यांना वाटत होतं. तसं झालं असतं तर बरंही वाटलं असतं. वेणूबाईंनी सुईत दोरा ओवला, डोळ्यांजवळ धरून गाठ मारली.

"तुमी म्हणलात ते खरंच हाय की वैनी. दोष दाबला असता तर आपल्यावरच आलं असतं."

"वेणूबाई, तिचं नातवंड गेलं होतं."

"व्हय." दोन टाके घालून त्या म्हणाल्या, "पर मला बी आदी तेच आलं मनात. तुमी सांगत व्हतात तवा. म्हणलं, ह्ये बी आलं का माघारी."

एका खोलीत बसून हजारो बाळांना कपडे घातलेल्या दोन बायका, आणि कोणाचं बाळ गेल्याचं ऐकून दोघींच्याही मनात पहिल्यांदा भाडं आलं होतं. हा धंदा आपल्याकडून काय घेतोय त्याचा तक्ता श्यामसुंदररावांनी मांडला होता, लाल पेन्सिलीने, अगदी पैशापर्यंत. त्यात ही ओळ नव्हती.

त्या रविवारी वासंतीबाई आमोदला म्हणाल्या, "मला हे बंद करायचंय."

तो लॅपटॉप उघडून बसला. बराच वेळ बसला. "आई, अकाउंट लगेच बंद नाही होणार. तुझे एकशे अठरा सेट गोदामात आहेत. ते आधी काढायला लागतील."

"मग काढ."

"परत आणायचे तर सेटमागे चाळीस रुपये पडतील. नाही आणले तर ठेवायचं भाडं चढत राहील. आणि तिसरा ऑप्शन आहे, तो स्वस्त आहे. सेटमागे दहा." तो स्क्रीनकडेच बघत होता. "ते तिथेच निकालात काढतात."

"निकालात म्हणजे?"

"म्हणजे... डिस्पोज. फेकतात, नाहीतर नष्ट करतात."

"नवे कपडे? बाळांचे?"

"आई, त्यांच्याकडे ते फक्त माल आहेत."

आमोदचा स्वभाव वाईट नव्हता. त्याला खरंच वाईट वाटत होतं, चार वर्षांपूर्वी रविवारच्या एका गप्पेत आपण आईला कशात घातलं हे त्याला आता दिसत होतं. "पैसे मी भरतो," तो म्हणाला. "तू टेन्शन नको घेऊस." श्यामसुंदरराव खुर्चीतून म्हणाले, "घेऊन ये परत. माझ्या पेन्शनमधून भर. आपण शिवलेलं दुसऱ्याने का म्हणून जाळावं?" त्यात एकही खोच नव्हती. वासंतीबाईंना नवऱ्याच्या आवाजाची भीती वाटली ती तेव्हाच.

माल एप्रिलमध्ये आला. पाच खोके, दोन फाटलेले. गोदामात कुठेतरी ओल लागली होती, पातळ कापडावर पिवळे डाग पडले होते. धुऊन पाहिले, गेले नाहीत. त्यातले तीसेक बरे विडे घेऊन वासंतीबाई रतनशेठकडे गेल्या. पाच वर्षांनी जात होत्या. रतनशेठ थकले होते, गल्ल्यावर मुलगा होता. रतनशेठांनी एक झबलं हातात घेतलं, आतून बोट फिरवलं आणि वर पाहिलं.

"काकू, शिवण आत?"

"हो."

त्यांनी झबलं नीट घडी करून ठेवलं. नको म्हणायला त्यांना जड गेलं असावं. मुलगाच म्हणाला, "काकू, आम्ही स्वतःच आता ऑनलाइन मागवतो. स्वस्त पडतं."

मे महिन्यात साइटचं शेवटचं विवरण आलं. फिया, भाडं, परतीचे आकार जाऊन वासंतीबाईंकडून साइटला एक हजार एकशे चाळीस रुपये येणं होतं. श्यामसुंदररावांनी ते भरले आणि खातं बंद झालं. आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल ते कळवा, असा एक निरोप आला. कोणी काही कळवलं नाही.

वेणूबाईंना तीन महिन्यांची मजुरी द्यायची राहिली होती. वासंतीबाईंनी त्यांना पैशांऐवजी ओव्हरलॉकचं मशीन देऊ केलं. वेणूबाईंनी घेतलं नाही. "ठिवायला जागा कुठं हाय?" म्हणाल्या. खरं कारण वेगळं होतं, ते दोघींना माहीत होतं. मशीन नेऊन त्यावर शिवायचं काय, आणि विकायचं कोणाला? मजुरी वासंतीबाईंनी मग पाटल्या मोडून दिली.

वेणूबाईंना हिंजवडीतल्या एका कंपनीत ठेकेदाराकडून साफसफाईचं काम मिळालं होतं. वय साठीला आलेलं, कागदावर चोपन्न लावलं होतं. पहाटे उठून दोन बस बदलून जायचं. शेवटच्या दिवशी त्या नेहमीच्या वेळी निघाल्या, दारात चप्पल घालताना म्हणाल्या, "तिथं म्हणं मशीननं फरशी पुसतात. नुसतं धरून चालायचं." आणि हसल्या. पंचवीस वर्षांत त्यांनी जिना उतरताना कधी मागे वळून पाहिलं नव्हतं, आताही पाहिलं नाही. पुढे दोन-तीनदा फोन झाले. गुडघे दुखतात म्हणाल्या. मग फोन कमी झाले.

उरलेल्या विड्यांचं काय करायचं ह्यावर श्यामसुंदररावांनी खूप सुचवलं. एखाद्या संस्थेला देऊ, सरकारी दवाखान्यात देऊ. वासंतीबाई दर वेळी हो म्हणायच्या आणि खोक्यांना हात लावायच्या नाहीत. दुसऱ्याच्या बाळाच्या अंगाला आपल्या हातचं काही लागावं, एवढा विश्वास आता त्यांना स्वतःचा उरला नव्हता. हे त्यांनी नवऱ्याला समजावून सांगायचा एकदा प्रयत्न केला. "अगं, एका फोनवर एक वाक्य चुकलं," ते म्हणाले. "चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "बरोबर होतं. तेच तर."

पावसाळा सरता सरता खालच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या जोडप्याला मुलगी झाली. नवरा खराडीला कामाला. त्याची आई अकोल्याहून आली होती, पूर्णिमाताई, बोलक्या आणि मायाळू. कोणीतरी त्यांना सांगितलं, वर दातार बाई बाळंतविडे करतात. त्या जिना चढून आल्या, हातात पेढ्यांची पुडी.

"बारसं आहे हो रविवारी. तुमच्या हातची कुंची पायजे होती. गोंड्यांची. लोक फार नाव घेतात तुमचं."

वासंतीबाई दारात उभ्या होत्या. मागे भिंतीला लावून पाच खोके होते, त्यांवर जुनी चादर टाकलेली. खालून बाळाचं रडणं ऐकू येत होतं, नव्या बाळाचं, बारीक आणि तुटक.

"मी आता करत नाही," त्या म्हणाल्या. "ऑनलाइन बघा ना. भरपूर मिळतात."

पेढा त्यांनी घेतला, बाळाला आशीर्वाद सांगा म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.